भिंतीवर क्रूस, कपाटात दुनळी

प्रश्न : आम्ही ईस्ट इंडियन कॅथलिक. मूळ घर गोराईचं, आता बोरिवलीला आय. सी. कॉलनीत राहतो. काही महिन्यांपूर्वी पपा वारले. त्यांच्या नावावर परवाना असलेली बारा बोअरची दुनळी बंदूक आजोबांच्या वेळेपासून घरात आहे. वाडीच्या राखणीला घेतली होती. माणसावर ती कधी रोखल्याचं मला तरी माहीत नाही. भाऊ म्हणतो, "मम्मी एकटी असते. म्हाताऱ्या माणसांना घरात घुसून लुटल्याच्या बातम्या येतात. परवाना माझ्या नावावर करून घेतो." माझी कॉलेजात जाणारी मुलगी म्हणते, "दर रविवारी मिस्सात शांती मागायची आणि कपाटात बंदूक ठेवायची, हे कसं काय?" खरा ख्रिस्ती माणूस घरात शस्त्र ठेवू शकतो का? बंदूक अजून कपाटातच आहे.
— एक वाचक, बोरिवली (पश्चिम)

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सर्वांत तातडीचं, म्हणून आधी कायद्याचं बोलू.

परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नव्हे. पपा गेले त्या दिवसापासून ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार कोणाकडेच उरलेला नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 प्रमाणे अशी बंदूक विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. तिथे ती लगेच जप्त होत नाही, तुमच्या नावाने राहते. ठरलेल्या मुदतीत वारसाने स्वतःचा परवाना काढावा, नाहीतर ती कायदेशीरपणे विकून टाकावी. वारसाला परवाना मिळण्याची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयात जातो. पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते बंदिस्त ठेवण्याची हमी द्यावी लागते. 2019 च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली. हे वाचून झालं की पोलीस ठाण्यात फोन करा, न्यायची कशी ते विचारा, आणि परवान्याचं पुस्तक व पपांचा मृत्यूदाखला सोबत ठेवून बंदूक जमा करा. उरलेली काडतुसंही द्या. जुन्या घरांत ती ड्रॉवरच्या तळाशी, पत्र्याच्या डब्यात सापडतात. पितळी बूड हिरवं पडलेलं असलं तरी ती निकामी झाली असं समजू नका.

आता मुलीच्या प्रश्नाकडे येतो. मला तो भावाच्या प्रश्नापेक्षा मोठा वाटतो.

ख्रिस्तसभेची शिकवण आधी सरळ सांगतो, म्हणजे भावावर अन्याय होणार नाही. स्वतःचा जीव वाचवणं पाप नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अ‍ॅक्वायनस यांनी मांडलं, की हल्लेखोराला मारणं हा हेतू नसावा. स्वतःला वाचवणं हा हेतू असावा आणि बळ गरजेपुरतंच वापरावं. 1992 च्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाने हाच विचार पुढे नेला आणि इतरांच्या जिवाची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्याचं तर ते कर्तव्यही असू शकतं, असं म्हटलं. आपल्या भारतीय न्याय संहितेतली 34 ते 44 ही कलमंही स्वसंरक्षणाचा हक्क देतात, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करू नये, अशी मर्यादाही घालतात. तेव्हा तुमचा भाऊ श्रद्धेबाहेरचं काही बोलत नाही. आईची काळजी ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या परवानगीच्या आधीपासून एक दुसरी वाट चालत आली आहे. प्रभू येशूंना पकडायला लोक आले तेव्हा पेत्राने तलवार उपसून एका दासाचा कान कापला. येशूंनी पेत्राला तलवार म्यान करायला लावली आणि त्या दासाचा कान बरा केला. पहिल्या तीन शतकांत तर्तुलियन आणि ओरिजेन यांच्यासारख्या धर्मपंडितांनी ख्रिस्ती माणसाच्या शस्त्र उचलण्याला उघड विरोध केला. चौथ्या शतकात रोमन साम्राज्यानेच ख्रिस्ती धर्म जवळ केला आणि 'न्याय्य युद्ध' कोणतं, याचा विचार सुरू झाला. तो विचार घडवणाऱ्या संत ऑगस्टिन यांनाही खासगी माणसाने स्वतःच्या जिवासाठी दुसऱ्याचा जीव घ्यावा, हे मान्य नव्हतं. शिपायाची गोष्ट त्यांनी वेगळी मानली.

या वाटेच्या खुणा पाहायला तुम्हाला लांब जायला नको. तुमच्या कॉलनीला लागून मंडपेश्वरची लेणी आहेत आणि त्यांच्या माथ्यावर फ्रान्सिस्कन साधूंच्या मठाची पडकी भिंत. पोर्तुगीज काळात तोफांच्या सावलीत ख्रिस्ती धर्म साष्टीत पसरला, लेण्यातल्या शिवमंदिराचं चर्च झालं, हेही त्या भिंतीत लिहिलेलं आहे आणि ते आपण झाकू नये. पण त्याच फ्रान्सिस्कन परंपरेत आणखी एक गोष्ट आहे. असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्यामागे केवळ साधूच गेले नाहीत. बायकामुलं, घरदार, दुकान असलेली साधी माणसंही गेली. त्यांच्यासाठी 1221 मध्ये एक नियमावली तयार झाली. तिच्यात या संसारी माणसांना प्राणघातक शस्त्र उचलायला आणि बाळगायला मनाई होती. पुढे 1289 मध्ये पोपनी नियम सैल केला. धर्म आणि देश यांच्या रक्षणासाठी सूट मिळाली. तरी मूळ नियम मठात राहणाऱ्यांचा नव्हता, तुमच्या-आमच्यासारख्यांचा होता, हे तुमच्या मुलीला जरूर सांगा.

वसईचे संत गोन्सालो गार्सिया याच परंपरेतले. व्यापार सोडून ते फ्रान्सिस्कन बंधू झाले आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीला पंचवीस जणांसह क्रुसावर गेले, कोणावर हात न उचलता. 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं. आपल्या काळात त्याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईची चळवळ उभारली. जमिनींवर डोळा असलेल्यांची तेव्हा तिथे दहशत होती. फादरांनी उत्तर दिलं ते सभा, मोर्चे आणि लेखणीने. 2020 च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. मला त्यांची निर्भय आणि निःशस्त्र वसई अधिक मोलाची वाटते.

बोरिवलीहून गाडी पकडून शेवटच्या स्टेशनावर, डहाणूला उतरलात तर आणखी एक धागा हाती लागतो. तिथे चर्च ऑफ द ब्रेदरनचं मिशन होतं. हा पंथ क्वेकर आणि मेनोनाइट यांच्याबरोबर ऐतिहासिक 'शांतिपंथां'त मोडतो; युद्धात भाग न घेणं ही त्यांची मूळ भूमिका. त्यांचे मिशनरी 1894 मध्ये बलसाडला आले आणि पुढे डहाणूला पोचले. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात विलीन झालेल्या सहा मंडळींपैकी एक ही होती. तुमच्या एखाद्या प्रोटेस्टंट शेजाऱ्याच्या मंडळीच्या वारशातही शस्त्र नाकारणारी माणसं आहेत.

म्हणून माझं उत्तर असं : बंदूक ठेवली म्हणून कोणी ख्रिस्ती उरत नाही असं नाही. पण ठेवू नये, असं मला मनापासून वाटतं.

एक कारण अगदी व्यवहाराचं. रात्रीचे दोन वाजलेत, दार वाजतंय अशी कल्पना करा. मम्मींनी कपाटाची किल्ली शोधायची, बंदूक काढायची, काडतुसं दुसऱ्या कुलपातून आणायची, नळ्या उघडून दोन भरायची, बंद करायची, खटका सरकवायचा. तेही परवाना मुलाच्या नावावर असताना, तो घरात नसताना, म्हणजे कायद्याबाहेर. हे व्हायचं नसेल तर बंदूक भरून, हाताशी ठेवावी लागेल. आणि भरलेली बंदूक असलेल्या घरात नातवंडं येणार. शिवाय घरात शस्त्र आहे हे कळलेल्या चोराला चोरायला आणखी एक वस्तू मिळते.

दुसरं कारण श्रद्धेचं. आपली श्रद्धा चोर येईल त्या रात्रीसाठी राखून ठेवलेली नसते, ती रोज लागते : सोसायटीच्या मीटिंगमध्ये पार्किंगवरून आवाज चढतो तेव्हा, वाडीच्या हिश्शावरून चुलतभावाशी बोलणं तुटतं तेव्हा. रविवारी शेजारच्या बाकावरच्या माणसाकडे वळून हात जोडून आपण त्याला शांती देतो, ती दारातून बाहेर पडल्यावर द्यायची असते. हाताशी शस्त्र असलं की अनोळखी पावलाकडे पाहण्याची आपली नजर नकळत बदलते. शस्त्राशिवाय राहणाऱ्याला मात्र माणसं जोडूनच राहावं लागतं, आणि हे जोडणं हाच मला अहिंसेचा गाभा वाटतो. ती एका धाडसी क्षणात जमत नाही, रोजच्या वागण्यातून अंगात मुरते.

भावाची काळजी मात्र खरी आहे, तिला उत्तर दिल्याशिवाय जमा केलेली बंदूक विकून टाकू नका. दाराला सेफ्टी डोअर आणि साखळी बसवा. मम्मींच्या फोनमध्ये 112 आणि शेजारच्या दोन घरांचे नंबर वरच ठेवा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची नोंद पोलीस ठाण्यात होते, ती करून घ्या. कामाला येणाऱ्यांची पोलीस पडताळणी करा. मजल्यावरच्या कोणी तरी रोज सकाळी मम्मींच्या दाराची बेल वाजवावी, एवढं ठरवा. आणि भावाला सांगा, परवान्याच्या अर्जामागे जे हेलपाटे घालायची त्याची तयारी आहे, तेवढा वेळ त्याने आईला द्यावा : आठवड्यातून दोन रात्री तिच्याकडे जेवून तिथेच झोपावं.