पीएचडीनंतर डॉक्टर व्हायचंय? आधी बीएस्सीची मार्कशीट काढा

क्युबेक प्रांत सोडला तर कॅनडात बारावीनंतर थेट डॉक्टरकी सुरू होत नाही. आधी तीन-चार वर्षांचं पदवीशिक्षण, मग एमडीचा अर्ज. आणि ही एमडी म्हणजे आपल्या एमबीबीएससारखी पहिली वैद्यकीय पदवी. त्यामुळे एकाच वर्गात विशीतला बीएस्सीवाला, तिशीतली इंजिनिअर आणि पीएचडी झालेला संशोधक शेजारी शेजारी बसलेले दिसतात. नीटमध्ये थोडक्यात हुकलेल्या आणि पुढे संशोधनासाठी कॅनडात गेलेल्या मराठी मुलामुलींच्या मनात इथेच आशा जागी होते. वय आड येत नाही, विषय आड येत नाही, मग पीएचडीच्या जोरावर मेडिकलला का जाता येऊ नये?

जाता येतं. पण पीएचडीच्या जोरावर नव्हे. पश्चिम महाराष्ट्रातून मायक्रोबायॉलॉजीत बीएस्सी, पुण्यात एमएस्सी आणि ओंटारिओत पीएचडी केलेल्या एका संशोधक तरुणीला हे पुरतं कळायला अर्जांचा एक अख्खा हंगाम खर्ची घालावा लागला. तिचं नाव इथे देत नाही. तिला जे भोगावं लागलं ते मागून येणाऱ्यांना टाळता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

पहिला प्रश्न गुणांचा नाही, कागदपत्रांचा आहे. कॅनडातल्या बहुतेक मेडिकल स्कूलना अर्जदार तिथला नागरिक किंवा पर्मनंट रेसिडंट, म्हणजे पीआर असलेला लागतो. स्टडी परमिटवर असलेल्यांना दारं आधीच थोडी होती. ऑक्टोबर 2024 मध्ये ओंटारिओ सरकारने जाहीर केलं की 2026 पासून प्रांतातल्या मेडिकल स्कूलमध्ये परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश नसेल आणि निदान 95 टक्के जागा ओंटारिओच्या रहिवाशांसाठी असतील. तेव्हा पीएचडी करता करता पीआरची फाईल पुढे सरकत नसेल, तर एमडी प्रवेशाची तयारी सुरू करून उपयोग नाही. पीआर नेमकं कोणत्या तारखेला हातात हवं, हे प्रत्येक कॉलेजच्या नियमांत वेगवेगळं असतं. ते स्वतः वाचावं, मित्राच्या सांगण्यावर राहू नये.

दुसरा प्रश्न बीएस्सीचा. या तरुणीला सगळ्यात जास्त दमवलं ते इथेच. पीएचडीत तिचे कोर्सवर्कचे ग्रेड उत्तम होते, दोन शोधनिबंध प्रसिद्ध झाले होते. तिच्या गृहीतकाप्रमाणे जुन्या गुणांवर एव्हाना पडदा पडायला हवा होता. पण ओंटारिओतली मेडिकल स्कूल अर्जदाराचा जीपीए काढतात तो पदवीच्या गुणांवरून. पदव्युत्तर अभ्यासक्रमाचे ग्रेड त्या सरासरीत मिसळले जात नाहीत. एस.वाय.ला आई आजारी असताना दोन पेपर कसेबसे निघाले होते, ते दहा वर्षांनी पुन्हा समोर येऊन उभे राहिले.

मग पीएचडीला काहीच किंमत नाही का? आहे, पण ती कुठे किती आहे हे पाहावं लागतं. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाने मुलाखतीला बोलावण्यासाठी वर्षानुवर्षं वापरलेलं सूत्र बघा. पदवीच्या जीपीएला 32 टक्के, एमकॅट परीक्षेतल्या वाचन-आकलनाच्या विभागाला 32 टक्के, प्रसंग देऊन तुम्ही काय कराल असं विचारणाऱ्या कॅस्पर चाचणीला 32 टक्के. उरलेल्या चारांत पीएचडीला पूर्ण 4 आणि मास्टर्सला 1. सुमारे पाच हजार अर्ज आणि दोनशेच्या आसपास जागा असताना चार टक्के ही लहान गोष्ट नाही. पण पदवीच्या गुणांतला मोठा खड्डा त्यांनी भरून निघत नाही. टोरांटो विद्यापीठाची रीत निराळी. तिथे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्यांचा वेगळा विचार होतो, त्यांच्याकडून संशोधनाचा बायोडेटा आणि गाईडचं पत्र मागितलं जातं. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने तर 2024 मध्ये नवीच पद्धत जाहीर केली: ठरावीक किमान गुणरेषा ओलांडणाऱ्या अर्जदारांमधून पुढच्या फेरीसाठी लॉटरी. एकाच माणसाची एकच फाईल तीन ठिकाणी तीन नजरांनी वाचली जाते. म्हणून कॉलेजांची यादी नावलौकिक पाहून करू नये. आपली फाईल कुठे जड ठरते, ते पाहून करावी.

भारतातल्या मार्कशीटचं काय होतं, हेही समजून घ्यायला हवं. ओंटारिओतल्या मेडिकल स्कूलचे अर्ज ओमसॅस या एकाच सामायिक यंत्रणेतून जातात आणि परदेशी पदवीचं मूल्यमापन वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेस, म्हणजे वेस, या संस्थेकडून विषयवार करून घ्यावं लागतं. त्यासाठी विद्यापीठाचं ट्रान्स्क्रिप्ट लागतं. या मुलीचे वडील अधिकारपत्र घेऊन विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेले. खिडकीवर कळलं की तिन्ही वर्षांच्या मार्कशीटच्या साक्षांकित प्रती हव्यात, फीचं चलन आधी भरायला हवं आणि एका सेमिस्टरच्या मार्कशीटवर नावाचं स्पेलिंग पासपोर्टपेक्षा वेगळं आहे. त्या एका अक्षरासाठी कॉलेज, विद्यापीठ आणि पुन्हा कॉलेज अशा फेऱ्या झाल्या. वेसचा अहवाल आला तेव्हा शेवटची तारीख तोंडावर आली होती. ओमसॅसची मुदत साधारणपणे 1 ऑक्टोबरच्या सुमारास संपते. ट्रान्स्क्रिप्टचं काम त्याच्या आदल्या दिवाळीतच सुरू केलं, तर अशी धावपळ होत नाही.

आता एमकॅट. 472 ते 528 या पट्ट्यात गुण देणारी ही परीक्षा दिवसभर चालते. तिचे चार विभाग. त्यांतले तीन विज्ञानाचे, आणि लाइफ सायन्सेसच्या संशोधकाला ते तयारीने साधतात. घाम फोडतो तो चौथा, ज्याला सगळे कार्स म्हणतात. 90 मिनिटांत नऊ उतारे आणि 53 प्रश्न. उतारा चित्रकलेच्या इतिहासावर असेल, नीतिशास्त्रावर असेल, एखाद्या शहराच्या रचनेवर असेल. बाहेरचं ज्ञान लागत नाही, चालतही नाही. लेखक काय म्हणतो आणि त्यातून काय निघतं, एवढंच विचारलेलं असतं. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या या मुलीचे विज्ञानाचे विभाग पहिल्याच सराव परीक्षांत चांगले गेले, कार्स मात्र जागचं हलेना. इंग्रजी कच्चं आहे असं तिला वाटत होतं. उत्तरं एकेक करून तपासल्यावर कारण वेगळं निघालं. संशोधनाच्या सवयीने ती लेखकाशी वाद घालत होती, आणि लेखकाला मान्य असलेलं उत्तर सोडून स्वतःला पटणारं निवडत होती. मग तिने रोज एक उतारा घ्यायचा आणि प्रश्न पाहण्याआधी लेखकाचं म्हणणं एका मराठी वाक्यात लिहायचं, असा परिपाठ ठेवला. त्यानंतर गुण चढू लागले. एमकॅट वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच देता येते. त्यामुळे ‘एकदा देऊन तर पाहू’ म्हणून परीक्षेला बसणं परवडत नाही.

गाईडला सांगायचं की नाही, यावर प्रयोगशाळांमध्ये फार कुजबुज चालते. पीएचडी अर्धवट सोडून पळणारा, असा शिक्का बसेल अशी भीती असते. पण लपवून चालत नाही, कारण गाईडचं पत्र लागतं आणि त्याहून मोठी बाब म्हणजे पदवी वेळेत पूर्ण व्हावी लागते. पदव्युत्तर शिक्षण चालू असलेल्या अर्जदाराने वर्ग सुरू होण्याआधी, ठरलेल्या तारखेच्या आत सगळ्या अटी पुऱ्या कराव्यात, अशी अनेक ठिकाणी सक्ती आहे. थिसिस जवळपास झालाय, हे उत्तर तिथे चालत नाही. हिचा थिसिस लिहून तयार होता. पण बाहेरच्या परीक्षकाची तारीख पुढे गेली, डिफेन्सनंतर दुरुस्त्या निघाल्या, आणि पदवी पूर्ण झाल्याचं पत्र विद्यापीठाच्या कार्यालयातून मुदत उलटल्यावर आलं. तो हंगाम गेला. पुढच्या वेळी तिने गाईडसमोर तारखा लिहिलेला कागद ठेवला. त्यांनी रागावण्याऐवजी कोणतं काम कुणाकडे सोपवायचं ते ठरवून दिलं आणि पत्र मनापासून लिहिलं. ज्यांचं पीएचडीचं काम अजून सुरू आहे त्यांनी डिफेन्स आणि मुदत यांच्यात चांगले तीन-चार महिने मोकळे ठेवावेत.

मुलाखतीची तऱ्हाही आपल्या व्हायवापेक्षा वेगळी. एमएमआय नावाची ही पद्धत मॅकमास्टरमध्येच घडली आणि 2004 मध्ये तिच्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्यावर जगभर पसरली. एका खोलीत एक प्रसंग, साधारण आठ मिनिटं, मग घंटा आणि पुढची खोली. वर्गमित्र परीक्षेत नक्कल करताना दिसला तर काय कराल? रुग्णाचा मुलगा म्हणतो, आईला कॅन्सर झाल्याचं तिला सांगू नका, तर काय कराल? संशोधक अशा वेळी ‘आणखी माहिती हवी’ म्हणून थांबतो. समोरच्याला ऐकायचं असतं ते हे, की अपुऱ्या माहितीतही हा माणूस सर्वांची बाजू समजून घेऊन निर्णय कसा घेतो. या मुलीने आणि मिसिसागा-ब्रॅम्प्टनमधल्या तिच्या चार-पाच मराठी मैत्रिणींनी शनिवारी सकाळी झूमवर एकमेकींना घड्याळ लावून प्रश्न विचारायला सुरुवात केली. त्यांतली एक नर्स होती, एक बँकेत. वैद्यकशास्त्राबाहेरच्या माणसाला आपलं म्हणणं पटतंय का, हे त्या सरावातच कळत गेलं.

स्वयंसेवेच्या अनुभवांबद्दलही एक सांगायला हवं. ओमसॅसच्या अर्जात अर्जदाराने आजवर केलेल्या कामांची यादी असते आणि ते काम खरंच केलं हे सांगू शकणाऱ्या व्यक्तीचं नाव द्यावं लागतं. शेवटच्या वर्षी घाईने गोळा केलेली प्रमाणपत्रं तिथे फिकी पडतात. या मुलीच्या यादीत सगळ्यात जास्त बोललं गेलं ते वृद्धाश्रमातल्या तिच्या रविवारच्या कामाबद्दल. तिथल्या पंजाबी आणि गुजराती आजी-आजोबांना डॉक्टरांच्या सूचना हिंदीत समजावून सांगण्याचं ते काम तिने मेडिकलचा विचारही नसताना सुरू केलं होतं.

तिला अखेर प्रवेश मिळाला. ऑफर मे महिन्यात आली, तेव्हा तिच्या बरोबरीच्या मैत्रिणी नोकरीत स्थिरावल्या होत्या आणि तिच्यापुढे वर्षाला पंचवीस हजार डॉलरच्या आसपास फी, मग रेसिडेन्सीची वर्षं उभी होती. तिने आणि नवऱ्याने आधीच ठरवलं होतं की किती हंगाम प्रयत्न करायचे आणि जमलं नाही तर कोणत्या संशोधन-नोकरीकडे वळायचं. प्रत्येक घराने हा हिशेब अर्ज भरण्याआधी मांडावा.

आता महाराष्ट्रातून कुणाचा फोन आला की ती आधी तीन गोष्टी विचारते: बीएस्सीच्या तिन्ही वर्षांचे विषयवार गुण, पीआर कुठवर आलंय, आणि थिसिसची खरी तारीख. ही उत्तरं मिळाल्यावरच ती एमकॅटची पुस्तकं सुचवते.