मातीविना स्ट्रॉबेरी : काही अडचणी व काही विचार

शेती आणि माती हे दोन शब्द मराठीत जोडीनेच येतात. शेतकऱ्याने जमिनीला 'काळी आई' म्हटले, त्यामागे भावना आहे तसाच पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभवही आहे. अशा समाजात 'मातीविना शेती' हा शब्दप्रयोग प्रथमदर्शनी विसंगत वाटावा, यात नवल नाही. तथापि आज कृषी प्रदर्शनांतून व वर्तमानपत्रांतून या पद्धतीची मोठी वाखाणणी चाललेली दिसते. वाई, पाचगणी, महाबळेश्वर या पट्ट्यातील शेतकऱ्याच्या मुलापुढे ती एका रोखठोक प्रश्नाच्या रूपाने उभी राहते : कर्ज काढून हरितगृह उभारावे आणि स्ट्रॉबेरी जमिनीतून उचलून नळ्यांत अथवा पिशव्यांत लावावी काय?

कला शाखेच्या वार्षिकात हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेईल. परंतु आपल्यापैकी अनेकांच्या घरात असे निर्णय जेवणाच्या पाटावर होतात, आणि घरातील शिकलेल्या मुलाचे मत त्या वेळी विचारले जाते. भूगोलाचा अभ्यास करताना मला या प्रश्नाची जी बाजू दिसली, ती येथे मांडण्याचा प्रयत्न करीत आहे.

पूर्वेतिहास

वनस्पती पाण्यात वाढविण्याचा प्रयोग नवा नाही. जर्मनीत युलियस फॉन झाक्स व विल्हेल्म क्नॉप यांनी १८६० नंतरच्या काही वर्षांत ठराविक क्षार विरघळविलेल्या पाण्यात रोपे वाढवून दाखविली. वनस्पती जमिनीतून नेमके काय घेते, हे शोधणे एवढाच त्यांचा हेतू होता. या पद्धतीला शेतीचे रूप देण्याचा प्रयत्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील गेरिके यांनी १९२९ पासून केला आणि १९३७ साली 'हायड्रोपोनिक्स' हे नाव रूढ केले. पाणी व श्रम या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. पुढच्याच वर्षी त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांनी एक पुस्तिका काढली. हवा व प्रकाश सारखाच असेल, तर उत्तम जमिनीतील पीक आणि द्रावणातील पीक यांत फारसा फरक पडत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. आजच्या जाहिरातींच्या गदारोळात हा जुना निर्वाळा विसरला जातो. भारतात १९४६ साली बंगालमधील कालिम्पाँग भागात शोल्टो डग्लस यांनी या पद्धतीचे प्रयोग केले. साध्या व स्वस्त साधनांनी ती सामान्य माणसाला जमावी, असा त्यांचा रोख होता.

स्ट्रॉबेरीच का?

स्ट्रॉबेरी मातीतून वर उचलली जाण्यास एक खास कारण घडले. या पिकाला जमिनीतील बुरशीजन्य रोग फार. त्यावर अमेरिका व युरोपात लागवडीपूर्वी जमिनीत मिथाइल ब्रोमाइड वायू सोडण्याची प्रथा पडली. हा वायू पृथ्वीभोवतालच्या ओझोन थराला घातक असल्यामुळे माँट्रियल करारान्वये विकसित देशांनी २००५ पर्यंत व विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत, काही अपवाद वगळता, त्याचा वापर थांबवावयाचा होता. औषध गेले, रोग राहिला. तेव्हा हॉलंड, बेल्जियम आदी देशांतील बागायतदारांना मातीच टाळण्याचा मार्ग अधिक सोयीचा वाटू लागला. कमरेच्या उंचीच्या मांडवावर पिशव्या ठेवून त्यांत रोपे लावण्याची पद्धत तेथे रुळली.

आपल्याकडची परिस्थिती निराळी आहे. महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी आली ती इंग्रजांच्या काळात. तांबडी जांभ्याची जमीन, थंड रात्री आणि पावसाळा सरताच सुरू होणारी लागवड यांच्या बळावर ती येथे रुजली, आणि २०१० साली 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक निर्देशांकाची मान्यताही मिळाली. गादीवाफा, त्यावर प्लास्टिकचे आच्छादन आणि ठिबकची नळी ही येथील रूढ रीत होय.

माती कोणती कामे करते?

मातीविना पिकाच्या अडचणी समजून घ्यावयाच्या, तर प्रथम माती काय करते ते पाहिले पाहिजे. ती मुळांना आधार देते, हे सर्वांना दिसते. परंतु तिची मोठी कामे न दिसणारी आहेत. खत जास्त पडले तर मातीचे बारीक कण व सेंद्रिय अंश त्यातील काही भाग धरून ठेवतात व पुढे हळूहळू सोडतात. पाण्याचा आम्लपणा एकदम बदलू देत नाहीत. वीतभर खालची माती दुपारच्या उन्हात गार राहते. तिच्यातील असंख्य सूक्ष्म जीव रोगजंतूंना मोकळे रान मिळू देत नाहीत. एका वाक्यात सांगावयाचे तर, माती शेतकऱ्याच्या चुका पोटात घालते. मातीविना शेतीत हे पोटात घालणारे कोणी उरत नाही. मातीची सारी कामे माणसाने व यंत्राने करावयाची असतात, आणि तीही दिवसाचे चोवीस तास.

क्षारांचे माप

द्रावणातील अन्न म्हणजे विरघळलेले क्षारच. ते किती आहेत, हे पाण्याच्या विद्युतवाहकतेवरून मोजतात. लागवडीखालील पिकांत स्ट्रॉबेरी क्षारांच्या बाबतीत अत्यंत नाजूक गणली जाते. मास व हॉफमन यांनी १९७७ साली पिकांच्या क्षार-सहनशीलतेचे जे कोष्टक प्रसिद्ध केले, त्यात जवाची मर्यादा ८, गव्हाची ६, तर स्ट्रॉबेरीची केवळ १ डेसिसायमन आहे. मातीतील पाण्याच्या अर्काची वाहकता त्यापुढे गेली, की दर एककामागे स्ट्रॉबेरीचे उत्पन्न सुमारे एक तृतीयांशाने घटते. मातीविना लागवडीत स्ट्रॉबेरीला द्यावयाचे द्रावण सामान्यतः १ ते १.५ च्या दरम्यान ठेवतात. त्याहून फार कमी झाले तर रोप उपाशी, फार वाढले तर पानांच्या कडा करपतात. उपासमार आणि विषबाधा यांच्यामध्ये एवढीच काय ती वाट आहे.

आता विहिरीच्या पाण्याचा विचार करा. दख्खनच्या काळ्या पाषाणातील विहिरींचे पाणी पुष्कळदा जड असते. त्या पाण्याचीच वाहकता ०.८ असेल, तर खत घालण्यापूर्वीच निम्मी जागा भरली. शिवाय त्यातील बायकार्बोनेटमुळे द्रावणाचा सामू वर चढतो. स्ट्रॉबेरीला तो साधारण ५.५ ते ६.२ लागतो. तो फार वाढला की लोह द्रावणात असूनही रोपाला मिळत नाही आणि कोवळी पाने पिवळी पडतात. मग आम्ल मोजून घालणे आले. तेच पाणी पुन्हा पुन्हा फिरविले, तर रोपाला नको असलेला सोडियम टाकीत साठत जातो. कारण रोप पाणी पिते आणि सोडियम बव्हंशी मागे ठेवते.

खते मिसळण्याचेही शास्त्र आहे. कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटयुक्त खते यांची दाट द्रावणे एका पिंपात ओतली, तर तळाशी पांढरा साका बसतो. तो म्हणजे रोपाचे वाया गेलेले अन्न होय. म्हणून दोन पिंपे वेगळी ठेवावी लागतात. मुळांना आधार म्हणून वापरल्या जाणाऱ्या नारळाच्या काथ्याच्या भुशातही मुळातच सोडियम व पोटॅशियम असते, आणि तो भुसा कॅल्शियम स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून तो आधी धुऊन कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवावा लागतो. ही पायरी गाळली तर पहिल्या महिन्यातच रोपे रुसतात.

मुळांचा श्वास व रोगांचा प्रवास

मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; ३० अंशांना तो साडेसातपर्यंत उतरतो. उलट उष्णतेबरोबर मुळांची प्राणवायूची गरज वाढत जाते. म्हणजे मागणी वाढते तेव्हाच पुरवठा घटतो. मार्च-एप्रिलच्या उन्हात उघड्या नळ्या व पिशव्या तापतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर पिथियमसारख्या बुरशीचा हल्ला होतो. पिथियम व फायटॉप्थोरा यांचे बीजाणू पाण्यात पोहू शकतात. मातीत एका रोपाचा रोग शेजारच्या रोपाला गाठावयास वेळ लागतो; फिरत्या पाण्यात तो पंपाच्या वेगाने जातो. रोपाचा आखूड गड्डा, ज्याला बागायतदार 'क्राऊन' म्हणतात, तो सतत ओला राहिला की कुजतो. म्हणून लागवडीची खोली अर्ध्या बोटाच्या फरकानेही महत्त्वाची ठरते.

विजेचा प्रश्न यालाच जोडून आहे. नळीतून पाण्याचा पातळ थर वाहता ठेवण्याची जी पद्धत आहे, तीत पंप बंद पडला तर भर दुपारी काही तासांतच रोपे माना टाकतात. भुशाच्या पिशवीत थोडी अधिक उसंत मिळते. वादळी पावसात दिवसभर वीज जाते तेथे पंपाला पर्यायी व्यवस्था हवीच, आणि तिचा खर्च प्रथमपासून हिशेबात धरला पाहिजे.

मधमाशीचे काम

स्ट्रॉबेरीचे ज्याला आपण फळ म्हणतो, ती खरे पाहता फुलाच्या पाकळ्यांखालची फुगलेली बैठक आहे. तिच्या अंगावरचे पिवळसर कण ही खरी फळे, आणि प्रत्येकात एक बी. ज्याँ निट्श या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९५० साली हे कण काढून टाकून दाखविले, की त्यांच्याविना ही बैठक फुगत नाही. आणि त्यांच्या जागी ऑक्झिन या वाढद्रव्याचा लेप दिला, तर ती पुन्हा फुगते. यावरून कळते, की जेवढ्या कणांना पराग मिळेल तेवढेच फळ भरणार. एका बाजूला पराग न पोचल्यास फळ वेडेवाकडे होते, आणि असे फळ बाजारात मागे पडते. बंदिस्त जाळीच्या घरात वारा नाही, मधमाशी नाही. तेथे पेट्या ठेवाव्या लागतात आणि मधमाश्या असताना विषारी फवारणी आवरावी लागते. या बाबतीत आपला डोंगरी भाग भाग्यवान म्हणावा लागेल. महाबळेश्वराजवळच्या मांघर या गावाला २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून मान मिळाला. सातेरी मधमाशी सांभाळण्याची विद्या येथे घरचीच आहे.

लाभाची बाजू

एवढ्या अडचणी सांगितल्या म्हणून ही पद्धत टाकाऊ ठरते, असे नाही. रोगट जमिनीपासून सुटका होते, फळाला माती लागत नाही, पाणी मोजून देता येते. माझ्या मते याहून मोठा एक लाभ आहे. स्ट्रॉबेरीची तोडणी बहुतेक बायाच करतात. हे फळ तोडल्यानंतर पिकत नाही, म्हणून ते झाडावरच पिकू देऊन हंगामात दर एक-दोन दिवसांनी तोडावे लागते. सकाळपासून वाकून चाललेल्या या कामाने कंबर धरते. पीक मांडवावर आले तर ते उभ्याने करता येईल. हिशेबाच्या वहीत हा लाभ सहसा लिहिला जात नाही. तो लिहिला जावा असे मला वाटते.

त्याचबरोबर एक तोटाही वहीबाहेर राहतो. भुशात क्षार साचू नयेत म्हणून दिलेल्या पाण्याचा सुमारे पाचवा ते चौथा हिस्सा खालून वाहून जाऊ द्यावा लागतो. त्या पाण्यात नायट्रेट असते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांच्या उगमाचा हा प्रदेश २००१ साली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे. येथे वरच्या गावाने ओढ्यात सोडलेले पाणी खालच्या गावाच्या हंड्यात जाते. ते गळतीचे पाणी गोळा करून भाजीपाल्याला अथवा चाऱ्याला देण्याची सोय ज्याच्याकडे नाही, त्याने या वाटेला जाऊ नये.

समारोप

मग त्या घरातील प्रश्नाचे उत्तर काय? मला असे वाटते, की सर्व क्षेत्रावर एकदम उडी घेण्यापेक्षा सुरुवात रोपवाटिकेपासून करावी. ट्रेमध्ये काथ्याच्या भुशात निरोगी रोपे तयार करणे हीसुद्धा मातीविना शेतीच आहे. तीत मुदत थोडी, जागा थोडी, आणि चूक झाली तर नुकसान सोसण्याजोगे. त्या काळात वाहकता व सामू रोज मोजून वहीत लिहिण्याची सवय लागते. दुसरे, महाबळेश्वरावर वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. हे क्षाररहित पाणी या पिकासाठी सोन्यासारखे आहे. हरितगृहाच्या छपरावरचे पाणी साठविणारा हौद आधी बांधावा, नळ्या नंतर घ्याव्यात. तिसरे, मोजमापाची उपकरणे व पाणी तपासणीचा खर्च चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून केला, तर तो कोणालाच जड जाणार नाही.

ज्याच्या वहीत एक हंगामभर रोजच्या नोंदी खाडा न पडता झाल्या आहेत, त्याने पुढचे पाऊल खुशाल टाकावे. ज्याला ते जमले नाही, त्याने गादीवाफ्यावरच उत्तम स्ट्रॉबेरी पिकवावी. त्यात कसलाही कमीपणा नाही. मातीला रजा द्यावयाची असेल, तर तिची कामे आधी आपल्या अंगवळणी पडली पाहिजेत.