जुन्या जीपची आसने

जुनी जीप बाळगणाऱ्या गृहस्थाला इंजिनाच्या ठोक्यांविषयी, गिअरपेटीच्या खरखरीविषयी आणि चारही चाकांना ओढ देणाऱ्या त्या आखूड दांडीविषयी जी आस्था असते, तिचा दशांशही ज्या आसनावर तो तासन्‌तास बसतो त्याच्या वाट्याला येत नाही. रेक्झिन फाटले, आतला काथ्या डोकावू लागला आणि स्प्रिंगांनी पाठीशी उघड वैर मांडले, म्हणजे मग तो जागा होतो, आणि जागा होताच बहुधा भंगार बाजार गाठून एखाद्या नव्या मोटारीची गुबगुबीत आसने उचलून आणतो. या खरेदीतच खरा धोका आहे, असे माझे अनुभवान्ती मत झाले आहे.

माझी जीप ‘सीजे थ्री बी’ जातीची आहे. अमेरिकेत विलिस कंपनीने १९५३ साली हे रूप बाजारात आणले तेव्हा नवे इंजिन जुन्याहून उंच असल्यामुळे बॉनेट वर उचलावे लागले, आणि तोच उंच कपाळाचा चेहरा पुढे महिंद्रांच्या कारखान्यातून कित्येक दशके बाहेर पडत राहिला. तालुक्याच्या कचेऱ्या, साखर कारखाने आणि वनखाते यांनी तो महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यात परिचित करून सोडला. माझी गाडी सरकारी लिलावातून एका बागाईतदाराकडे व त्याच्याकडून माझ्या ताब्यात आली, आणि त्या मधल्या अमदानीत तिच्या मूळच्या लोखंडी सांगाड्याच्या आसनांची उचलबांगडी होऊन तेथे एका छोट्या मोटारीची आसने विराजमान झाली होती. दिसायला ती मोठी ऐटदार होती.

आंबेनळी घाट उतरताना त्या ऐटीचे मोल कळले. या जीपच्या ब्रेकना पायाचे बळ वाढवून देणारी कोणतीही यांत्रिक मदत नसते. तीव्र उतारावर चालकाला पाठ आसनाला रेटून पायाने दाब द्यावा लागतो, आणि त्या दाबाची प्रतिक्रिया आसनाच्या पुढच्या पायांना वर उचलू पाहते. एका वळणावर तसेच झाले: पुढचे दोन बोल्ट पत्र्यातून उपटून आले, आसन मागे कलंडले आणि पाय ब्रेकवरून सुटला. गाडी दुसऱ्या गिअरात होती व डोंगराच्या बाजूला गटार होते, एवढ्यावरच निभावले.

मागाहून सतरंजी उचलून पाहिले तेव्हा सारा कारभार उघडा पडला. मोटारीच्या आसनाचे चार पाय तिच्या तळाच्या चढउतारांनुसार घडवलेले असतात, ते जीपच्या सपाट तळावर नीट टेकत नाहीत. सबब कोणीतरी चौकोनी नळ्यांचे तुकडे जोडून उंची साधली होती आणि हा सारा डोलारा गंजून कागदासारख्या झालेल्या पत्र्यावर चार लहान वॉशरांच्या भरवशावर सोडून दिला होता. उघड्या गाडीत पावसाचे पाणी येणारच आणि सतरंजीखाली ते मुरणारच. म्हणून आसन बदलण्याचा विचार मनात येताच प्रथम तळ खरवडून, टोकदार हत्याराने टोचून पाहावा, सडलेला पत्रा कापून नवा घालावा, आणि प्रत्येक बोल्टाखाली तळाच्या खालच्या अंगाने तीन मिलिमीटर जाडीची तळहाताएवढी पोलादी पट्टी द्यावी, म्हणजे भार एका छिद्रावर न येता विस्तृत जागेवर पसरतो. बोल्टाच्या डोक्यावर ८.८ हा आकडा कोरलेला असावा. भंगारातला मऊ बोल्ट येथे चालत नाही.

आणि आता सर्वांत गंभीर बाब. या जातीच्या जीपची इंधनाची टाकी, सुमारे ४० लिटरांची, चालकाच्या आसनाच्या नेमकी खाली असते. आमच्या मिस्त्रीबुवांनी टाकी जागच्या जागी ठेवून, तीवर ओले पोते टाकून वेल्डिंग करण्याची तयारी चालवली होती. ‘टाकी तर रिकामीच आहे साहेब,’ हा त्यांचा युक्तिवाद. वस्तुतः पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक घातक, कारण पेट घेतो तो द्रव नव्हे, तर हवेशी मिसळलेली वाफ. मी काम थांबवले, टाकी काढून गॅरेजच्या बाहेर दूर नेऊन ठेववली, आणि मगच ठिणगी पडू दिली. पुष्कळ जीपांना पुढे डिझेल इंजिने बसली; म्हणून ही तजवीज टाळण्याची मुभा कोणी घेऊ नये. छिद्र पाडतानाही ड्रिलचे पाते खाली किती जाईल याचा अंदाज आधी घ्यावा.

मोटारीचीच आसने घालावयाची असा ज्यांचा हट्ट असेल त्यांनी दोन गोष्टींची चौकशी करावी. अलीकडच्या काही आसनांच्या कुशीत हवेची पिशवी दडलेली असते; खालून पिवळ्या जोडाची तार लोंबत असेल तर ते आसन घेऊच नये. दुसरे, सुरक्षापट्ट्याचे कुलूप आसनालाच जोडलेले असेल तर अपघातात माणसाचा सारा झोक त्या चार बोल्टांवर येतो. जीपमध्ये पट्ट्याची टोके स्वतंत्रपणे, बळकटी दिलेल्या सांगाड्यात रोवावीत हे बरे. आसनांची संख्या नोंदणीपुस्तकात लिहिलेली असते, तिच्यात फेरफार करू नये. मोटार वाहन कायद्याच्या अशा फेरफारांविषयीच्या ५२व्या कलमाचा अंमल जुन्या गाडीवरही आहे.

मी स्वतः मूळ घाटाचे सांगाडेच मिळवले. ते पक्के करण्यापूर्वी लाकडी ठोकळ्यांवर ठेवून, नेहमीचे जोडे घालून, वर ताडपत्रीचे छत चढवून बसून पाहिले: क्लच तळापर्यंत दाबल्यावर गुडघा किंचित वाकलेला राहावा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवताना मांडीला घासू नये, आणि नजर काचेच्या वरच्या चौकटीला अडू नये. कुशनवाल्याशी मात्र माझे जमेना. त्याला जाड, मऊ फोम आणि खोल चुण्या हव्या होत्या. परंतु मऊ फोमात माणूस बसताच नजर व गुडघे यांचे सारे गणित कोसळते आणि दगडधोंड्यांच्या वाटेवर तो फोम खालच्या पट्टीपर्यंत दबून कण्याला धक्का देतो. अखेर घट्ट फोम, वर जाड कॅनव्हास आणि तळाच्या फळीला पाणी निथळण्यापुरती भोके, यावर तडजोड झाली, त्याचा मेहनताना त्याने पुरेपूर घेतला, आणि चुण्या मी वगळवल्या. शेजारचे आसन पूर्वीप्रमाणेच पुढे कलंडणारे ठेवले, नाहीतर मागे जायला वाट उरत नाही. कच्च्या रस्त्यावरच्या पहिल्या फेरीनंतर रंग व वॉशर दबून बोल्ट ढिले पडतात, तेव्हा पाना घेऊन ते पुन्हा आवळावेत.