स्कूल सायकॉलॉजी: प्रवेशाच्या पुढचं बघा

मानसशास्त्रात पदवी घेतलेल्या मुलामुलींना अमेरिकेतली स्कूल सायकॉलॉजी ही शाखा आता खुणावू लागली आहे. एखाद्या मुलाला वाचायला का जमत नाही, त्याला विशेष शिक्षण लागेल का, हे चाचण्या घेऊन, वर्गात बसून आणि घरच्यांशी बोलून शोधायचं, हे तिथलं रोजचं काम.

या कामात भाषा चुकली तर मुलाचं आयुष्य बदलतं. १९७० साली कॅलिफोर्नियात डायना खटला गाजला. घरी स्पॅनिश बोलणाऱ्या नऊ मुलांची बुद्धिमत्ता चाचणी इंग्रजीत घेतली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसवलं. तीच चाचणी स्पॅनिशमध्ये घेतली, तर बहुतेक मुलं त्या वर्गातली नव्हतीच! पुढे मुलाच्या भाषेत चाचणी घेण्याची तरतूद कायद्यातही आली. पण ती भाषा येणारं माणूस हवं ना? अमेरिकेतल्या सरकारी शाळांतली निम्म्याहून जास्त मुलं गोरी नाहीत, शालेय मानसशास्त्रज्ञ मात्र बहुतांश गोरेच आहेत. म्हणून विद्यापीठं निरनिराळ्या समाजांतले विद्यार्थी शोधतात. काहींनी जीआरई या प्रवेश परीक्षेची अटही काढली आहे.

पालकांनो, असे विद्यार्थी दाखवणाऱ्या माहितीपत्रकातल्या रंगीबेरंगी फोटोंवर जाऊ नका. खरी कसोटी प्रवेशानंतर लागते. शालेय मानसशास्त्रज्ञ होण्यासाठीच्या स्पेशलिस्ट पदवीला साधारण तीन वर्षं लागतात आणि शेवटच्या वर्षी किमान १,२०० तासांची इंटर्नशिप असते. ती बिनपगारी असू शकते, शिवाय विद्यापीठाची फी चालूच राहते. शिष्यवृत्ती फक्त पहिल्या वर्षाची असेल, तर पैशांची ओढाताण नेमकी इथे होते. एप्रिल २०२५मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने शाळांतल्या मानसिक आरोग्यासाठीची, त्यात अशा प्रशिक्षणासाठीचीही, सुमारे एक अब्ज डॉलरची अनुदानं थांबवण्याचं जाहीर केलं. त्यामुळे मदतीचा पैसा कुठून येतो आणि किती वर्षं मिळणार, हे विभागाला लेखी विचारा.

पुढचे प्रश्न तिथे शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना विचारा, प्राध्यापकांना नको. दोन भाषा येणाऱ्या विद्यार्थ्याच्या गळ्यात दुभाष्याचं काम पडतं का? पालकसभेत भाषांतर करण्यात दुपार गेली, तर ते तास प्रशिक्षणात धरतात का? अडचण आली तर कोणाचं दार ठोठावायचं? उत्तर देताना ते घुटमळले, तर मी तो विभाग यादीत खाली ढकलेन, नाव कितीही मोठं असो.

या कामाच्या परवान्याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. इंटर्नशिपसाठी आणि पुढच्या नोकरीसाठी व्हिसाची सोय काय, हे फी भरण्याआधीच विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाकडून समजून घ्या. परत यायचा विचार असेल, तर आपल्या शाळांत या नावाचं पद सहसा नसतं, समुपदेशकाचं असतं, हेही घरात आधीच बोलून ठेवा.