निखाऱ्यावरचा बांगडा

शिबिरात उघड्यावर रांधायचे म्हटले की शिकार आठवते. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे शिकारीला बंदी आहे. आपल्या वाट्याला येते ती मासळी. तिचा धडा मी मे महिन्याच्या सुट्टीत चेन्नईला, वेस्ट मांबलमच्या काकांकडे शिकलो.

सैदापेठेतून बांगडे आणले. पिशवी गच्चीवर उन्हात ठेवून मी आणि धाकटा भाऊ चूल मांडत बसलो. दोन तास गेले. पहिला मासा ज्वाळेवरच धरला. बाहेरून कोळसा, आतून कच्चा! काकांनी निखारे पसरवले, उरलेले मासे हळद-मीठ लावून केळीच्या पानात भाजले. उन्हातल्या पिशवीबद्दल मी त्यांना बोललो नाही.

अर्ध्या तासात भावाचे तोंड लाल झाले, अंगाला खाज सुटली. डॉक्टरांनी विचारले तेव्हा खरे सांगितले. बांगड्यासारखा मासा गरम जागी राहिला की जंतू वाढून त्यात हिस्टामाइन तयार होते. शिजवल्याने ते जात नाही आणि चवीवरून नेहमी कळतही नाही.

म्हणून लक्षात ठेवा:
१. चूल पेटेपर्यंत मासा बर्फात ठेवा.
२. ज्वाळ बसून निखाऱ्यांवर राख चढली की भाजा.
३. मांस पांढरट होऊन काट्यापासून सुटले, आत ६३ अंश सेल्सिअस झाले, की उतरवा.
४. मासा उन्हात राहिला असेल तर सांगा आणि टाकून द्या.

भाऊ संध्याकाळपर्यंत बरा झाला. शिबिरात मात्र एकाच चुलीवर सगळी तुकडी जेवते.