चारचौघांत न सांगण्याची दुखणी आणि नर्सिंगचं करिअर

नर्सिंगबद्दल विचारायला येणारे पालक पगार, रात्रपाळी, परदेश हे सगळं मोकळेपणानं विचारतात. एक प्रश्न मात्र आवाज उतरवून येतो. "मुलीला पुरुषांच्या लघवीच्या नळ्या बघाव्या लागतील का हो?" मुलगा असेल तर, "बायकांच्या वॉर्डात त्याचं काय काम?" सरळ सांगतो: हो, मूत्ररोग, स्त्रीरोग आणि लैंगिक आजार हे नर्सिंगच्या अभ्यासक्रमातच आहेत. ते टाळून कुणी नर्स होत नाही. आणि माझ्या मते या पेशातलं खरं कसब इथेच दिसतं.

आपल्याकडे ही दुखणी अंगावर काढली जातात. "अंगावरून पांढरं जातंय" हे बाई नवऱ्यालाही सांगत नाही. लघवीला अडखळणारे आजोबा "वय झालं" म्हणून गप्प बसतात. या गप्प बसण्याची किंमत बीडमधल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांनी मोजली. तिथे मोठ्या संख्येनं गर्भपिशव्या काढल्या गेल्याचं 2019 मध्ये गाजलं आणि सरकारला डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी बायका पिशवी गमावून परतल्या होत्या, त्यांत ऐन तरुण वयातल्याही होत्या. यातल्या अनेक तक्रारी गोळ्यांनी बऱ्या होतात. सरकारी रुग्णालयांतल्या 'सुरक्षा क्लिनिक'मध्ये लैंगिक संसर्गासाठी रंगांनी ओळखायचे औषधसंच असतात. योनीस्रावासाठी हिरवा, संसर्गामुळे ओटीपोट दुखत असेल तर पिवळा. पण त्या संचापर्यंत बाई पोचायला हवी. सासूला बाहेर थांबवून, पडदा ओढून, "किती दिवस झाले, खाज आहे का, वास येतो का, नवऱ्याला काही त्रास?" असं विचारणारी सिस्टर भेटली, तर ती पोचते.

वॉर्डातलं काम कसं असतं तेही पाहा. प्रोस्टेटची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला बऱ्याचदा तीन तोंडांची नळी असते. एका तोंडातून नळी जागेवर ठेवणारा फुगा भरलेला असतो, दुसऱ्यातून सलाईन मूत्राशयात जातं, तिसऱ्यातून ते रक्त आणि लघवीसह बाहेर येतं. सिस्टर हिशेब ठेवते: आत गेलं 3000 मिली, बाहेर आलं 3600, म्हणजे खरी लघवी 600. बाहेर 2500 च आलं, तर बहुधा नळीत रक्ताची गाठ अडकलेली असते. थोड्या वेळात ओटीपोट तट्ट फुगतं आणि रुग्ण कळवळू लागतो. अशा वेळी ती आधी आत जाणारं सलाईन बंद करते, नळीला पीळ पडलाय का ते बघते, डॉक्टरांना कळवते आणि सिरिंजनं गाठ काढायची तयारी करते. ही बेरीज-वजाबाकी वेळेवर झाली म्हणून रुग्ण वाचतो.

त्याच रुग्णाला घरी सोडताना आणखी एक गोष्ट सांगावी लागते. या शस्त्रक्रियेनंतर बऱ्याच पुरुषांचं वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्यात धोका नसतो, पण आधी कल्पना नसलेला माणूस हबकतो. हे विचारायला अनेकांना ब्रदर जवळचा वाटतो. पुरुष नर्स या विभागात हवेतच, ते याचसाठी. मुलांच्या पालकांनी एवढं मात्र लक्षात ठेवावं की एम्सच्या भरतीत नर्सिंग ऑफिसरच्या 80 टक्के जागा महिलांसाठी ठेवण्याचं धोरण आहे, त्यामुळे मुलांना स्पर्धा जास्त. ही केंद्रीय नोकरी मिळाली, तर मूळ वेतन 44,900 रुपयांपासून सुरू होतं. खासगी रुग्णालयांत सुरुवातीचा पगार पुष्कळदा फारच कमी असतो. कामाच्या मानानं तो अन्यायच आहे, आणि घरात हे आधीच बोलून घ्यावं.

वाट अशी. बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवं, शिवाय राज्याच्या सीईटी सेलची नर्सिंगची सीईटी. जीएनएम तीन वर्षांचं, त्याला इतर शाखांची मुलंही चालतात. नंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी. बीएस्सीच्या चौथ्या सत्रात मूत्रपिंड, मूत्रमार्ग आणि पुरुषांच्या जननेंद्रियांचे आजार येतात, तर सहाव्या-सातव्या सत्रात प्रसूती आणि स्त्रीरोग. एक वर्ष नोकरी करून एमएस्सी करता येतं. त्यात प्रसूती-स्त्रीरोग ही शाखा आहे, आणि मेडिकल-सर्जिकल शाखेत नेफ्रो-युरॉलॉजीचा पर्याय. मुलगी बाळंतपणाच्या कामात रमत असेल, तर 18 महिन्यांचा नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी हा अभ्यासक्रमही डोळ्यांसमोर ठेवावा.

पहिल्या वर्षी लाज सगळ्यांनाच वाटते. म्हणून रुग्णाची परवानगी घेणं, पडदा ओढणं, लागेल तेवढंच अंग उघडं करणं, दुसऱ्या कुणाला सोबत ठेवणं हे रीतसर शिकवतात. ही शिस्त रुग्णाइतकीच तुमच्या मुलीलाही सांभाळते.

नीट न शिकवणारी कॉलेजं मात्र आहेत, आणि माझी काळजी तिथे आहे. फी भरण्याआधी कॉलेजच्या रुग्णालयात जा. प्रसूतिकक्षात महिन्याला किती बाळंतपणं होतात, मूत्ररोगाचा वॉर्ड आणि डायलिसिस आहे का, ते विचारा. मग तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना बाजूला घ्या. लघवीची नळी स्वतःच्या हातानं घातली का, बाळंतपण स्वतः केलं का, की नुसती वही भरली, हे त्यांनाच विचारा.