बिनसहीचं ॲप



गेल्या वर्षी एका सकाळी माझं बँकेचं ॲप उघडेना. फोनमध्ये फेरफार झालाय, एवढं सांगून बंद पडायचं. मी हेल्पलाइनवर ताटकळत होते आणि माझा नववीतला मुलगा समोर बसून पोहे चिवडत होता. एरवी दोनदा मागून खाणारा. तिथंच मला कळायला हवं होतं.

अभ्यासाच्या नावाखाली घेतलेला माझा जुनाट आयफोन त्यानं ‘जेलब्रेक’ केला होता.

आपण सोनं घेताना हॉलमार्क बघतो, तसा आयफोन प्रत्येक ॲपवरची सही तपासतो. सही खरी नसेल, किंवा सहीनंतर ॲपमध्ये काही बदललं असेल, तर तो ते चालूच देत नाही. जेलब्रेक म्हणजे फोनमधली फट शोधून हा पहारा मोडायचा. वर ‘ॲपसिंक’सारखी एखादी भर घातली की फोन सही बघायचंच सोडतो. मग बिनसहीचं ॲप बिनबोभाट आत. ते चांगलं की चोर, हे फोनला विचारू नका.

मी आधी ओरडले. चुकले असं म्हणणार नाही. राग आला होता. दोन दिवसांनी विचारलं, “बाळा, नक्की कशासाठी केलंस?” उत्तरं दोन निघाली. एक, विकतचा गेम फुकट हवा होता. दुसरं चाचरत आलं: मित्राच्या दादाच्या मदतीनं त्यानं स्वतः एक छोटं ॲप लिहिलं होतं, ते फोनवर चालवून बघायचं होतं.

या दोन कारणांना एकच शिक्षा देऊ नका. एवढ्यासाठीच आज लिहायला बसले.

फुकट गेमवर मी त्याला 2015 सालच्या ‘कीरेडर’ची गोष्ट सांगितली. जेलब्रेक केलेल्या आयफोनांवर टाकायच्या करामतींमधून हे चोर सॉफ्टवेअर पसरलं आणि सव्वादोन लाख ॲपल खात्यांचे पासवर्ड गेले. खाती बहुतेक चीनमधली. त्या करामती वापरणाऱ्यांना विकतची ॲप फुकट मिळायची, पण चोरलेल्या खात्यांवर. म्हणजे बिल कुणाच्या तरी घरी जायचंच. तो गप्प झाला. मग पुढचं सांगितलं: ही चोरी उघडी पाडणाऱ्यांत यांगझौ विद्यापीठाचा एक विद्यार्थीही होता. तेव्हा कुठे मान वर आली.

आणि स्वतःच्या ॲपसाठी तर जेलब्रेक लागतच नाही! मॅकवर ॲपलचं ‘एक्सकोड’ घ्यायचं, साध्या फुकट खात्यानं सही करायची, की आपलं ॲप आपल्या फोनवर येतं. सात दिवसांनी सहीची मुदत संपते, मग पुन्हा टाकायचं. हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मलाही शोधावं लागलं. (आमच्याकडे मॅक नाही, त्या दादाकडे आहे. दर शनिवारी स्वारी तिकडे असते, येताना वडापाव खाऊनच येते.)

तुमच्या घरी असं झालं, तर बोलायच्या आधी दुसऱ्या फोनवरून सगळे पासवर्ड बदला. मी ते केलं, बँकेचं ॲप नव्या फोनवर घेतलं, जुना आयफोन पूर्ण रिकामा करून त्यालाच देऊन टाकला. त्यात सिमकार्ड नाही, माझं खातं नाही, घरचे फोटोसुद्धा नाहीत.